शैक्षणिक सल्लागाराला नेमकं कोणतं काम द्यायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. बोलायला चुणचुणीत, ऐकलेली गोष्ट तपशीलासकट सांगतो, पण वाचायला दिलं की अडतो आणि वहीत अर्धंच उतरवून आणतो. मानसशास्त्रज्ञांकडून असेसमेंट झालं. बावीस पानांचा अहवाल आला आणि त्यात डिस्लेक्सिया (शब्द ओळखून वाचण्या-लिहिण्यातली अडचण) आणि लक्ष टिकवण्यातली अडचण, असं दोन्ही लिहिलेलं आहे. शाळा म्हणते, ‘आमचे प्रयत्न चालू आहेत, पण दुसरी शाळा बघितलीत तर बरं.’ एका शैक्षणिक सल्लागारांनी वर्षभराचं पॅकेज सांगितलं आहे, त्यात ‘योग्य शाळेत प्रवेश’सुद्धा धरलेला आहे. मुलाच्या वडिलांना हे सगळं अनावश्यक वाटतं. आणि तुम्ही विचारताय की सल्लागार घ्यावा का, आणि घेतला तर त्यांच्याबरोबर काम कसं करायचं.

आधी माझी बाजू सांगते. मी बरीच वर्षं शाळेत विशेष शिक्षिका होते आणि आता स्वतंत्रपणे पालकांना आणि शाळांना सल्ला देते. म्हणजे या विषयात माझाही हितसंबंध आहे, ते धरूनच पुढचं वाचा. पण शाळेच्या बाजूने टेबलाशी बसून पालकांनी आणलेले सल्लागार मी पाहिले आहेत. कुणामुळे मुलाचं भलं झालं आणि कुणामुळे फक्त फाइल जाड झाली, हे तिथून जास्त स्पष्ट दिसतं.

‘सल्लागार घ्यावा का’ हा माझ्या मते तुमचा खरा प्रश्न नाही. तुमच्या हातात अहवाल आहे, शाळा आहे, मुलगा आहे, पण या तिघांना जोडणारं काही नाही. अहवालात जे लिहिलंय त्याचा उद्या सकाळच्या तासाला वर्गशिक्षिकेने काय उपयोग करायचा, हे कुणीच सांगितलेलं नाही. हे जोडण्याचं काम सल्लागार करणार असेल तर घ्या. प्रवेश मिळवून देणं हे वेगळं काम आहे. तुमच्याकडे तर अजून शाळा बदलायची की नाही हेच ठरलेलं नाही. अशा वेळी वर्षभराचं पॅकेज घेणं मला घाईचं वाटतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. तुम्ही कुठे राहता हे लिहिलेलं नाही आणि त्याने बराच फरक पडतो. भारतात असाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार धरले आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते आणि डिस्लेक्सिया तिच्यातच धरला जातो. लक्ष टिकवण्यातली अडचण मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. म्हणून सवलतींसाठी अर्ज करताना अहवालातल्या कोणत्या निदानाचा आधार घ्यायचा, हे नीट पाहावं लागतं. अमेरिकेत १९७५ पासून आलेल्या कायद्यामुळे सरकारी शाळेला पात्र मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे आयईपी, करावाच लागतो आणि वर्षातून किमान एकदा तपासावा लागतो. त्या बैठकीला मुलाची माहिती असलेली किंवा विषयातली जाणकार व्यक्ती पालक सोबत नेऊ शकतात. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यातून आलेला शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांचा एकत्रित आराखडा असतो आणि तो गरजेप्रमाणे वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू शकतो. तुमच्या ठिकाणचा कायदा शाळेवर काय बंधनं घालतो, हे सल्लागाराला पाठ असायला हवं. पहिल्या भेटीत हेच विचारा. उत्तर गोलमोल आलं तर तिथेच बरंच कळेल.

दुसरी अट साधी आहे. मुलाचे कान आणि डोळे तपासून झालेत का? अहवालाच्या पहिल्या दोन पानांत त्याचा उल्लेख असायला हवा. नसेल तर सल्लागाराच्या आधी ती तपासणी करून घ्या. वर्गात मधूनच काही क्षण शून्यात बघत राहतो, हाक मारली तरी कळत नाही, असं शिक्षिका सांगत असतील तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. त्यावर सल्लागाराने मत देऊ नये आणि दिलं तरी तुम्ही घेऊ नये.

आता अहवालाकडे येते, कारण सल्लागाराची पहिली परीक्षा तिथेच होते. बुद्धिमापन चाचणीचे तुम्ही दिलेले आकडे असे आहेत: भाषिक आकलन ११८, वर्किंग मेमरी (ऐकलेलं-पाहिलेलं थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणं) ८५, प्रोसेसिंग स्पीड (सोपं काम किती झपाट्याने होतं) ८०, आणि सगळं मिळून शंभरच्या आसपास. शाळेने तो शेवटचा आकडा वाचला आणि ‘बुद्धी सर्वसाधारण आहे, मेहनत वाढवा’ म्हणाली. हे फार ठिकाणी होतं. या चाचण्यांत १०० ही सरासरी असते आणि १५ हे प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे आकडे सरासरीपासून साधारण किती पसरतात त्याचं माप. ११८ म्हणजे आपल्या वयाच्या शंभर मुलांत साधारण ८८ जणांच्या बरोबरीने किंवा पुढे. ८५ म्हणजे १६ जणांच्या, आणि ८० म्हणजे अवघ्या नऊ जणांच्या. एकाच मुलात इतकी तफावत असते तेव्हा एकूण आकडा त्या मुलाबद्दल फारसं काही सांगत नाही. उलट खरी अडचण झाकून टाकतो. हे ८८, १६ आणि ९ म्हणजे पर्सेंटाइल, परीक्षेतले टक्के नव्हेत, हेही घरी सगळ्यांना सांगा. ‘१६’ वाचून आजी-आजोबा घाबरतात, कारण त्यांना ते शंभरपैकी सोळा मार्क वाटतात. प्रत्येक आकड्याशेजारी एक पल्ला दिलेला असतो, खरा आकडा त्यात कुठेही असू शकतो, तोही वाचा. ८५ आणि ८८ मध्ये खरा फरक असेलच असं नाही.

वर्गात हे आकडे कसे दिसतात? शिक्षिका म्हणतात, ‘पुस्तक काढा, पान ४२ उघडा, तिसरा प्रश्न वहीत लिहा आणि खाली रेघ मारा.’ तुमचा मुलगा पुस्तक काढतो, पान उघडतो आणि शेजारच्याकडे बघतो. शिक्षिकेला वाटतं लक्ष नाही. खरं तर तोपर्यंत पुढच्या दोन सूचना निसटलेल्या असतात. फळ्यावरून उतरवताना त्याला बहुधा एकेका शब्दासाठी मान वर करावी लागते, कारण अख्खं वाक्य डोक्यात धरून ठेवता येत नाही आणि शब्द ओळखायलाच वेळ लागतो. म्हणून वही अर्धी राहते. आणि बोलण्यात इतका पुढे असल्यामुळे सगळ्यांना वाटतं की येतं याला, करत नाही. तुमच्या सल्लागाराने अहवाल वाचून तुम्हाला अशी चित्रं उभी करून दाखवायला हवीत. ‘वर्किंग मेमरी कमी आहे, म्हणून मेमरी वाढवणारे खेळ घ्या’ एवढंच सांगणारा सल्लागार मी घेणार नाही. अशा खेळांत मूल त्या खेळातच तरबेज होतं. वर्गातल्या वाचनावर त्याचा परिणाम दिसण्याची शक्यता कमी.

एक प्रश्न पालक सहसा विचारत नाहीत: वाचनाची चाचणी कोणत्या भाषेत झाली? मूल घरी एक भाषा बोलतं, शाळेत दुसरी वाचतं आणि चाचणी फक्त शाळेच्या भाषेत झाली, तर अडचण वाचनाची आहे की भाषेच्या सवयीची, हे वेगळं काढता येत नाही. दोन लिप्या शिकत असेल तर दोन्हींत पाहायला हवं. देवनागरीत जोडाक्षरं, वेलांट्या आणि मात्रा गळतात का, इंग्रजीत स्वर आणि स्पेलिंगचा गोंधळ होतो का, दोन्हींत सारखाच वेळ लागतो का. दोन्हींत शब्दांचे ध्वनी सुटे करणं जड जात असेल तर डिस्लेक्सियाचं निदान जास्त पक्कं होतं. मुलाचं वाचन सल्लागाराने स्वतः एकदा ऐकलंच पाहिजे. नुसता अहवाल वाचून शिफारशी लिहिणाऱ्यांना मी एकच विचारते: तो कुठल्या शब्दावर थांबतो?

सल्लागार चांगला कसा ओळखायचा, हे तुम्ही विचारलंत. ‘शैक्षणिक सल्लागार’ ही पाटी बहुतेक ठिकाणी कुणीही लावू शकतं. त्यामागची मूळ पदवी कशाची आहे ते बघा. भारतात विशेष शिक्षक आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागण्यात उद्धटपणा नाही. पण पदवीइतकाच मी पैशाचा प्रश्न महत्त्वाचा मानते. ज्या शाळेत ते प्रवेश करून देतात, त्या शाळेकडून किंवा ज्या थेरपी सेंटरला पाठवतात त्या सेंटरकडून त्यांना काही मिळतं का? स्पष्ट शब्दांत विचारा आणि लेखी घ्या. अमेरिकेतल्या स्वतंत्र शैक्षणिक सल्लागारांच्या संघटनेत तर प्रवेशाबद्दल शाळेकडून मोबदला घ्यायचा नाही, हा नियमच आहे. तुमच्या सल्लागारांनी पॅकेजमध्येच प्रवेश धरलाय, म्हणून मी हे ठासून सांगतेय. कदाचित त्यात काही वावगं नसेल. पण शाळा बदलण्यात ज्याचा फायदा आहे, त्याच्याकडून ‘आहे तीच शाळा ठीक आहे’ हे उत्तर मिळण्याची शक्यता कमी होते.

आणखी काही खुणा आहेत. ‘सहा महिन्यांत डिस्लेक्सिया घालवतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. रंगीत चष्मे किंवा डोळ्यांचे व्यायाम डिस्लेक्सियावर उपाय म्हणून कुणी सुचवलेच, तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून त्यांना वैज्ञानिक आधार नसल्याचं सांगितलं आहे, एवढं लक्षात ठेवा. वर्गात येऊन बघायला तयार नसणारा, शिक्षिकेशी बोलायची गरजच न वाटणारा सल्लागार कितीही नावाजलेला असो, तुमच्या कामाचा नाही. याउलट, ‘मला हे माहीत नाही, यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टचं मत घेऊ’ असं जो म्हणतो त्याच्यावर माझा विश्वास वाढतो.

समजा माणूस पटला. तरी वर्षाचं काम एकदम देऊ नका. पहिलं काम छोटं आणि ठरावीक ठेवा: अहवाल वाचणं, मुलाला भेटणं, वर्गात एकदा बसून निरीक्षण, वर्गशिक्षिकेशी बोलणं, आणि शेवटी दोन पानांचं टिपण. एवढ्याची फी वेगळी ठरवा. त्या टिपणात तीन प्रश्नांची उत्तरं मागा. आत्ता सगळ्यात जास्त कुठे अडतंय? आहे त्या शाळेत त्यातलं काय होऊ शकतं? आणि जे होणार नाही ते कुठे आणि कुणाकडून होईल? हे टिपण वाचल्यावर पुढे जायचं की नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल. कुणाला कोणती कागदपत्रं दाखवायची, टिपण कुणाच्या मालकीचं, तासांचा हिशोब कसा, मध्येच थांबायचं झालं तर काय, हे चार ओळींत लिहून घ्या. आणि मुलाचा अहवाल पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मत विचारण्यासाठी टाकू नका. नाव झाकलं तरी शाळेचं नाव आणि वय यांवरून ओळख पटते. पुढे मूल मोठं झाल्यावर ती माहिती परत घेता येत नाही.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि पॅकेजमध्ये नेमका त्याचाच उल्लेख नसतो: सल्ला वर्गापर्यंत पोचवणं. शाळेत असताना माझ्या टेबलावर असे अहवाल यायचे ज्यांच्या शेवटी वीस-पंचवीस शिफारशी असायच्या. पुढच्या बाकावर बसवा, सूचना तोडून द्या, तोंडी परीक्षा घ्या, विश्रांती द्या, रंगीत कागद वापरा, कौतुक करा. वर्गशिक्षिका ते वाचायच्या, मान डोलवायच्या आणि कपाटात ठेवायच्या. त्यात त्यांचा दोष नाही. वर्गात इतरही मुलं असतात, त्यांतल्या आणखी दोघा-तिघांचे असेच कागद असतात. पंचवीस शिफारशींतून आज कुठली करायची हे कागद सांगत नाही. म्हणून सल्लागाराकडून शिक्षिकेसाठी वेगळं एक पान करून घ्या आणि त्यावर तीनच गोष्टी असू द्या. तुमच्या मुलासाठी मी कदाचित या निवडेन: फळ्यावरचं उतरवायला न लावता छापील प्रत देणं, सूचना एका वेळी दोनच आणि त्यानेच त्या पुन्हा म्हणून दाखवणं, आणि वर्गासमोर आयत्या वेळी मोठ्याने वाचायला न लावणं, वाचायचा उतारा आदल्या दिवशी घरी देणं. तिन्ही फुकट आहेत, तिन्हींना कुणाची परवानगी लागत नाही. दीड-दोन महिन्यांनी त्यांतलं काय चाललं ते पाहून पुढची गोष्ट जोडायची.

पण या तीन गोष्टींनी त्याला वाचता येणार नाही. त्यांनी फक्त वाटेतला अडथळा कमी होईल. सवलत आणि शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बैठकीत त्यांची सतत सरमिसळ होते. ‘आम्ही जादा वेळ देतो ना’ असं शाळा म्हणते. ज्याला शब्द ओळखता येतो पण हळू, त्याला जादा वेळेचा फायदा होतो. ज्याला शब्दच फोडता येत नाही, त्याच्यासाठी जादा वेळ म्हणजे जास्त वेळ बसून राहणं. तुमच्या मुलाला प्रोसेसिंग स्पीडमुळे जादा वेळ हवाच, पण त्यासोबत अक्षर आणि ध्वनी यांचं नातं क्रमाने, उघडपणे, भरपूर सरावासह शिकवणारं कुणीतरी हवं. आठवड्यातून अनेकदा, थोडा थोडा वेळ. हे शाळेतला विशेष शिक्षक करेल, बाहेरचा करेल, की सल्लागार एखाद्याला तयार करेल, हे ठरवून घ्या. ‘रेमेडियल क्लास लावलाय’ एवढ्यावर समाधान मानू नका, कारण काही ठिकाणी त्या नावाखाली फक्त गृहपाठ पुरा करून घेतात.

सवलतीतही एक भेद सांभाळा. प्रश्न तोच, पण मूल उत्तर तोंडी देतं किंवा टाइप करतं, ही सवलत. प्रश्नच सोपे करणं किंवा अभ्यासक्रम कमी करणं, हा बदल वेगळ्या जातीचा आहे. काही मुलांना तो लागतोच आणि त्यात कमीपणा नाही. पण ११८ भाषिक आकलन असलेल्या मुलाचा आशय कमी करणं म्हणजे त्याला जे येतं तेच काढून घेणं, आणि पुढे विषय निवडताना, परीक्षेला बसताना त्याचे परिणाम दिसतात. शाळा ‘आपण याचा सिलॅबस हलका करू’ म्हणाली की सल्लागाराने तिथेच थांबवून विचारायला हवं: कोणत्या विषयात, कशासाठी, किती काळ?

बैठकीबद्दल. सल्लागार येणार आहे हे शाळेला आधी कळवा. अचानक तिसरी व्यक्ती आली की तुम्ही वकील आणल्यासारखे मुख्याध्यापक जपून बोलू लागतात आणि पुढचा तास वाया जातो. बैठकीत मुलाबद्दल आधी तुम्ही बोला, सल्लागाराने अहवालातला तांत्रिक भाग सांगावा, आणि वर्गात काय शक्य आहे हे शिक्षिकेला विचारावं. ‘तुम्ही हे करत नाही’ अशी सुरुवात करणारे सल्लागार मी पाहिले आहेत. त्या दिवशी पालकांना फार बरं वाटतं, पण सल्लागार घरी जातो आणि मूल दुसऱ्या दिवशी त्याच शिक्षिकेसमोर बसतं. त्याचा अर्थ गोड बोलून सगळं सोडून द्यायचं असा नाही. जे कायद्याने द्यायचंच आहे ते शांतपणे, लेखी मागायचं. आणि त्याच संध्याकाळी एक छोटा ईमेल पाठवायचा: आज असं ठरलं, हे काम या व्यक्तीचं, या तारखेला पुन्हा भेटू, काही सुटलं असल्यास कळवा. हा ईमेल तुम्ही पाठवा, सल्लागाराने नव्हे. वर्ग बदलतो, शिक्षिका बदलते, सल्लागारही बदलेल. सगळे धागे तुमच्याकडेच राहायला हवेत.

उद्दिष्टं लिहिताना ‘वाचन सुधारेल’, ‘आत्मविश्वास वाढेल’ अशी वाक्यं आली तर परत पाठवा. आज तो अनोळखी उताऱ्यातले मिनिटाला किती शब्द अचूक वाचतो, हे आधी मोजलेलं हवं. समजा ३५ आहेत, तर तीन महिन्यांनी कितीवर यायला हवेत, कोण मोजणार, कोणत्या पातळीच्या उताऱ्यावर, हे त्यात हवं. मोजमाप मुलावर दबाव आणण्यासाठी नाही. शिकवण्याची पद्धत चालतेय की नाही हे तेवढ्यावरून कळतं. तीन महिन्यांत आकडा हललाच नाही तर सल्लागाराने ‘याला अजून वेळ लागेल’ म्हणण्याआधी पद्धत, वेळ आणि शिकवणारी व्यक्ती, तिन्ही तपासायला हवीत.

थोडक्यात, पहिल्या तिमाहीत तुमच्या हाती एवढं असावं: अहवालाचा साध्या भाषेत अर्थ, शिक्षिकेचं एक पान, नियमित वाचन शिकवणारी एक व्यक्ती, आणि सुरुवातीचा मोजलेला आकडा. हे झालं असेल तर सल्लागाराने काम केलं. नंतर त्यांची गरज कमी होत जायला हवी. वर्ग बदलताना, नवीन अडचण आली तेव्हा, एवढंच. दर महिन्याला नवीन थेरपी जोडली जात असेल आणि तुम्हाला स्वतःहून शाळेला एक ईमेलही पाठवायची भीती वाटू लागली असेल, तर काहीतरी उलटं चाललंय.

शाळा बदलायची का? आत्ता नाही, असं माझं मत. पण ते कायमचं नाही. शाळेने तीन फुकटच्या गोष्टीही नाकारल्या, किंवा मुलाला वर्गात हिणवलं जातंय आणि कुणी थांबवत नाही, तर मी स्वतः बदला म्हणेन, तेही वर्ष संपायची वाट न बघता. नवीन शाळा बघताना ‘आमची शाळा समावेशक आहे’ यावर जाऊ नका. सगळ्या मुलांना नेहमीच्या शाळेत सामावून घ्या म्हणणाऱ्या युनेस्कोच्या १९९४ च्या सालामांका जाहीरनाम्याला तीस वर्षं उलटून गेली, आता ‘समावेशक’ हा शब्द प्रत्येक माहितीपत्रकात असतो. विचारा की वाचन कोण शिकवतं, कोणत्या पद्धतीने, आठवड्यातून किती वेळा, त्यासाठी मुलाला कोणत्या तासातून उठवतात. चित्रकलेच्या किंवा खेळाच्या तासातून उठवत असतील तर ज्यात तो चमकतो तेच हिरावून घेताय, हे लक्षात घ्या. शाळा चालू असताना विशेष शिक्षकाची खोली बघू द्या म्हणा. खोली सामानाने भरलेली असेल तर उत्तर मिळालं.

मुलाच्या वडिलांबद्दल फार काही लिहीत नाही, ते तुमचं घर आहे. फक्त अहवाल समजावून सांगायच्या भेटीला दोघांनी जा. ‘अनावश्यक’ म्हणणाऱ्या बऱ्याच वडिलांना आपणही लहानपणी असेच होतो आणि निभावलं, असं वाटत असतं. ते खरंही असू शकतं, कारण डिस्लेक्सिया घराण्यात चालतो. ते निभावणं कसं होतं, हे त्यांनाच विचारा. मुलाला काय हवं असेल हे त्यातून इतर कुणापेक्षा चांगलं कळेल.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, मुलाला काय सांगायचं. नऊ वर्षांच्या मुलाला कळत असतं की आपल्याबद्दल काहीतरी चाललंय. न सांगितल्यास तो स्वतःच अर्थ लावतो आणि तो अर्थ सहसा ‘मी ढ आहे’ असा असतो. सरळ सांगा: ‘तुला गोष्टी पटकन समजतात, पण अक्षरं वाचायला तुझ्या मेंदूला जास्त मेहनत पडते. या ताई तुझं वाचन सोपं कसं करायचं ते शिक्षिकांना सांगणार आहेत.’ संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम मुलाशी संबंधित गोष्टींत त्याचं मत ऐकून घ्या असं सांगतं. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की बैठकीआधी सल्लागाराने त्याला विचारावं, वर्गात सगळ्यात नकोसं काय वाटतं आणि कशाने बरं वाटेल. मुलं फार नेमकं सांगतात. एकाने मला सांगितलं होतं की त्याला जादा वेळ नको, सगळे बाहेर खेळायला गेल्यावर एकट्याने बसणं नको होतं. आम्ही पेपर दोन भागांत केला. तुमच्या मुलाने काही मागितलं तर ते बैठकीत त्याच्या शब्दांत मांडा, आणि घरी आल्यावर काय ठरलं ते त्याला सांगा. मागितलेलं मिळालं नसेल तर ते का, हेही.